वरातीतून काढलेली घोडी

आबांनी घोडी घेतली ही बातमी मला महाडच्या बाजारात कळली. आमच्या वाडीच्या पायथ्याच्या गावातली एक बाई भाजी घेऊन बसते. माठाची जुडी बांधता बांधता तिने विचारलं, "काय गो, तुझ्या बापाने घोडी आनली म्हनं? लगीन करतो की काय?" आजूबाजूच्या चौघी हसल्या. मीही हसले, कारण मला वाटलं ती दुसऱ्या कुणाच्या बापाबद्दल बोलतेय. माझे वडील अठ्ठ्याहत्तरचे. दोन्ही गुडघे गेलेले, पायाला साखरेमुळे न भरणारी जखम. असा माणूस काठी घेतो, घोडी घेत नाही.

पण त्यांनी घेतली होती.

आबा पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत एकटे राहत होते. आई जाऊन सहा वर्षं झाली. वाडीतली बहुतेक घरं बंद, माणसं मुंबईला. वाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंत पायवाट, उतरायला तास आणि चढायला दीड. खालच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जखम दर तिसऱ्या दिवशी धुऊन बांधायला हवी, नाहीतर पाय जाईल. म्हणजे आबांनी माझ्याकडे महाडला यायला हवं होतं. चवदार तळ्यामागच्या गल्लीत आमचं तळमजल्यावरचं घर आहे, दवाखाना पाच मिनिटांवर. मी रोज संध्याकाळी फोन करायचे आणि विचारायचे, "मग कधी येताय?" ते म्हणायचे, "बघू." असं आठ महिने चाललं होतं.

शेवटी मी आणि माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, परस्पर ठरवून टाकलं. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आबांच्या शेजारीच राहतो. तो म्हणाला, शिमग्याला मुंबईची पोरं वाडीत येतील तेव्हा आबांना झोळीतून खाली उतरवू. आमच्याकडे आजारी माणूस असाच उतरतो. बांबूला घोंगडी बांधायची, आत माणूस ठेवायचा आणि चौघांनी आळीपाळीने खांदा द्यायचा. एरवी वाडीत चार धड खांदेच नाहीत, म्हणून शिमग्याची वाट बघायची. हे दादाने दिवाळीत आबांना सांगितलं. आबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, आणि पंधरा दिवसांत ही घोडी.

मी तणतणत वर गेले. मी वीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. कंबर गेली म्हणून आधीच निवृत्ती घेतली, पण आवाज गेलेला नाही. वाटेच्या शेवटच्या वळणावरूनच मी बोलायला सुरुवात केली. फणसाला बांधलेली पांढरी घोडी माझ्या आवाजाने दोरीच्या टोकापर्यंत मागे गेली आणि तिथे थरथरत उभी राहिली. डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. आबा पडवीत दुखरा पाय पाटावर ठेवून बसले होते.

"हळू बोल गो. घाबरते ती."

"आबा, हे काय?"

"घोडी हाय."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"हिच्यावर बसून मी खाली जानार. तू शिकव हिला."

"मी कंडक्टर होते आबा, सर्कशीत नव्हते."

"साठ मानसं गप बसवायचीस ना गाडीत? ही तर एकच हाय."

मी आल्या पावली वाट उतरायला लागले.

घोडी परत द्यायची असं ठरवून मी महाडला आले आणि तिच्या आधीच्या मालकाकडे गेले. लग्नाला घोड्या देणारं त्यांचं घराणं आहे, दोन-तीन पिढ्यांचं. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. चाचांनी काही लपवलं नाही. नाते गावाच्या बाजूला एका लग्नात कुणीतरी फटाक्यांची माळ नेमकी हिच्या पोटाखाली टाकली. नवरदेव बाशिंगासकट शेजारच्या शेतात पडला आणि घोडी दुसऱ्या दिवशी सापडली. तेव्हापासून तिच्या पायांशी काही हललं, पोटाखाली काही वाजलं की ती भान हरपते. वरातीतून तिला काढलं होतं, जवळजवळ फुकटच दिली.

"मी त्यांना फोनवर सांगितलं, काका, ही बिथरलेली आहे," चाचा म्हणाले. "ते म्हणाले, मला वरात नाही काढायची, फक्त खाली उतरायचंय."

"आणि तुम्ही दिलीत?"

"ताई, माझा मुलगा तिला वर दाखवायला घेऊन गेला, तर ते दोन तास बसले होते तिच्यासमोर. मी नाही म्हणू शकलो नाही."

मला वाटलं, आबांना वाडी सोडायची नाही. घोडी असली म्हणजे दर तीन दिवसांनी खाली दवाखान्यात जाता येईल, पुन्हा वर येता येईल, आणि माझ्या घराचं नाव काढायला नको. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, सरळ सांगावं ना! पण आमच्या घरात सरळ सांगायची पद्धत नाही. ती मी नोकरीत शिकले.

मग मी तिला शिकवायला का लागले? हे मी नवऱ्याला समजावून सांगू शकले नाही आणि आज मलाही सांगता येत नाही. एक कारण असं सांगायचे की घोडी तशीच राहिली तर आबा तिच्यावर बसून एक दिवस दरीत जातील. दुसरं असं की मी निदान वर असले तर जखम मी बांधीन. दोन्ही खरी होती. पण माझ्या मनात हेही होतं की एकदा मी प्रयत्न करून दाखवला आणि घोडीने काही ऐकलं नाही, तर आबांपुढे माझ्याकडे येण्याशिवाय रस्ता उरणार नाही. सुंठेवाचून खोकला जाईल. म्हणजे मी हरण्यासाठी मेहनत करायला निघाले होते. आठवड्यातले चार दिवस वाडीत आणि तीन दिवस महाडला असं सुरू झालं.

चाचांना दम्यामुळे चढण झेपत नव्हती, ते फोनवर सांगायचे. "पाठीचं नाव आता काढू नका. जमिनीवर जे जमलं नाही ते पाठीवर जमत नाही." गोल जागा लागेल म्हणाले. जागा होती. आमचं जुनं खळं, जिथे एकेकाळी भात झोडायचो. दादाने त्याला कारवीच्या काठ्यांचं कुंपण करून दिलं. दिराच्या मुलीने मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी माणसाचे व्हिडिओ लावून दिले. मोठी टोपी घातलेला तो गृहस्थ मऊ वाळूत उभा राहून घोड्याकडे नुसता वळला तरी घोडा त्याच्यामागे चालायला लागायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा नीट समजलं.

पहिले दहा दिवस घोडी खळ्याच्या एका कडेला आणि मी दुसऱ्या कडेला. मी एक पाऊल टाकलं की ती चार टाकायची. माझी सवय गर्दीत घुसायची. मागच्या दारातून चढायचं, माणसं बाजूला सारत पुढच्या दारापर्यंत जायचं, वाटेत कुणी आडवं आलं तर आवाज चढवायचा. चाचा सांगायचे नेमकं उलट. "सरळ जाऊ नका, तिरकं जा. डोळ्यांत बघू नका. ती पळणार असं वाटलं की तिच्या आधी तुम्ही मागे फिरा." मला हे कळेना. जिच्याकडे जायचंय तिच्याकडे पाठ करून कसं पोचायचं? तरी केलं. खळ्यात तिरकी तिरकी चालणारी, मधेच पाठ फिरवून उभी राहणारी पन्नाशीची बाई बघून दादाची सून तोंडाला पदर लावून हसायची.

आबा पडवीतून सगळं बघायचे. "बाय, तू हिला फिरवतेस की ही तुला?"

मग दोरी. दोरीला हलकासा ताण द्यायचा. तिने एक पाऊल आपल्याकडे टाकलं, नुसतं अंग झुकवलं तरी, की ताण त्या क्षणी सोडायचा. पुन्हा द्यायचा, पुन्हा सोडायचा. मागे हटायलाही असंच शिकवायचं, बाजूला सरकायलाही. पुढे काठीला प्लास्टिकची पिशवी बांधून ती लांबून हलवायची आणि घोडी स्थिर झाली की खाली घ्यायची. सगळं इतकं हळू चालायचं की माझ्या कपाळाची शीर उडायची.

एका सकाळी ती मान खाली घालून ओठ चाटायला लागली, तोंड हलवायला लागली. मी हरखले. टोपीवाल्याचं म्हणणं होतं की घोडा असं करतो म्हणजे त्याला पटलं. चाचांना फोन केला तर ते म्हणाले, पटलं वगैरे नाही, भीती उतरली. आबांना विचारलं.

"भूक लागली हाय तिला," आबा म्हणाले.

तिघांपैकी कोण बरोबर हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बसमध्ये मला माणूस उभा राहण्यावरून कळायचा. कोण तिकीट चुकवणार, कुणाला ओकारी येणार, कोण भांडून निघालंय, सगळं. या घोडीपुढे मी अडाणी होते. ती जवळ आली की मला वाटायचं विश्वास बसला, आणि लगेच वाटायचं की नाही, हिने हात टेकले. या दोन्हींत बाहेरून काय फरक दिसतो? माझ्या आयुष्यात किती माणसं गप्प बसली, ती पटलं म्हणून बसली की माझ्या आवाजाला कंटाळून, हा प्रश्न मला खळ्यात पहिल्यांदा पडला, आणि मी तो तिथेच ठेवला.

पौष संपेपर्यंत घोडी सैल दोरीने माझ्यामागे वाडीभर चालायला लागली. पिशवी अंगावरून फिरवून घ्यायला लागली. खळ्याच्या कडेला दगडी गडगा आहे, त्याला समांतर येऊन उभं राहायला शिकली, कारण आबांना बसायला उंची लागणार होती. फक्त पोटाखाली आणि पायांशी ती अजून कुणाला येऊ देत नव्हती. रोज संध्याकाळी मी आनंदाने आबांना सांगायचे की आज अमुक जमलं, आणि सांगून झाल्यावर माझं तोंड पडायचं. ही जितकी शहाणी होत होती तितके आबा माझ्यापासून लांब जात होते. मग मी जेवायला वाढताना ठरलेला प्रश्न टाकायचे, "तरी पण महाडला कधी येताय?" आणि ते भाकरी मोडत म्हणायचे, "बघू."

मग ते लोढणं झालं.

माघातली सकाळ होती. घोडी रात्री दोरी सोडवून दादाच्या वालात शिरली होती. वाल ऐन शेंगेवर. दादा अंगणात येऊन ओरडला, "गो, घोडी हाय का देवाला सोडलेला वळू? माझं अर्धं शेत खाल्लं तिने!" त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी घरात गेले. माळ्यावर जुनं लोढणं पडलं होतं. ज्यांनी गुरं पाळली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ओढाळ गाईच्या गळ्यात एक लाकडी ओंडका बांधतात, तो पुढच्या पायांच्या मध्ये लोंबतो. गाय चालते तेव्हा काही होत नाही. पळायला लागली की तो गुडघ्यांवर बसतो. गाय एका दिवसात शहाणी होते. लहानपणी मी कितीतरी गुरांना ते बांधलं होतं. आमच्या वाडीत कुणालाही विचारलं असतं तरी त्याने तेच सांगितलं असतं. आमचे हात जन्माचे गुरांचे.

मी घोडीला खळ्यात आणून ते तिच्या गळ्यात बांधलं. ती शांत उभी राहिली, मला बांधू दिलं. तीन महिन्यांची मेहनत होती ना, माझ्या हाताला ती आता बिचकत नव्हती.

तिने तीन पावलं टाकली आणि ओंडका तिच्या गुडघ्याला लागला. ती दचकून उडाली, तो पुन्हा लागला. मग ती पळाली आणि तो पायांमध्ये, पोटाखाली वाजायला लागला. तिच्या दृष्टीने नाते गावातली ती माळ पुन्हा पेटली होती. कारवीचं कुंपण मोडून, बांधावरून उडी टाकून ती ओढ्याच्या बाजूला दिसेनाशी झाली. ओंडका दगडांवर आपटल्याचा आवाज मात्र बराच वेळ येत राहिला.

मी तिथेच उभी. आबा पडवीत उठून उभे राहिले होते, खांबाला धरून, त्या पायावर.

"बाय," ते म्हणाले, "तू मुद्दाम नाय ना..." आणि थांबले.

"काय मुद्दाम? काय मुद्दाम, आबा?"

"काय नाय."

मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. राग कुणावर होता सांगता येणार नाही. मुद्दाम केलं का? मी स्वतःला अनेकदा विचारलंय. बांधताना मला वालाचा राग आला होता, तेवढंच आठवतं. पण पोटाखाली काही वाजलं तर काय होतं हे मला ठाऊक होतं. चाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते मी विसरले, की मला ते विसरायचं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि ते नसणं फार वाईट असतं.

दुपारी ती ओढ्यात सापडली. ओंडका दोन धोंड्यांच्या फटीत अडकला होता. त्यामुळे तिची मान खाली खेचलेली, गुडघे सोलटलेले, अंग घामाने काळपट. दादा माझ्याबरोबर आला होता, त्याला मी वरच थांबवलं. मला बघून तिचे डोळे पुन्हा पांढरे झाले. ती पळणार असं वाटलं की आधी आपण मागे फिरायचं, हे मला पाठ होतं. पण जिला पळताच येत नाही तिच्याकडे कसं जायचं, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. मी तीन पावलं गेले आणि ती अडकलेल्या मानेने धडपडायला लागली. मी मागे फिरून एका दगडावर बसले. मला रडू आलं, चांगलं मोठ्याने. वरून दादा विचारत होता, "काय झालं गो, मेली काय?" मी पुन्हा उठले, दोन पावलं, पुन्हा बसले. असं किती वेळा ते मोजलं नाही. ऊन समोरच्या कड्यावर गेलं तेव्हा माझा हात तिच्या मानेला लागला. मी कोयत्याने दोर कापला आणि तिला काही न म्हणता, तिच्याकडे न बघता, वर चालायला लागले. बघायचं धाडस नव्हतं. थोड्या वेळाने मागे टापा ऐकू आल्या. ती माझ्यामागे येत होती की नुसती घराकडे, कोण जाणे.

पुढचे आठ दिवस तिने मला जवळ येऊ दिलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मी चाचांना फोन करून सगळं सांगितलं, लोढण्यासकट. ते म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका, पण एक बोलतो. तुम्ही धरता छान. सोडत नाही. ती एक पाऊल ऐकते आणि तुम्ही लगेच दुसरं मागता. तिला बिचारीला कळतच नाही की ती बरोबर होती."

मला हे झोंबलं. दोन दिवस मी खळ्यात गेलेच नाही. आबांशीही कामापुरतं बोलत होते, जखम बांधत होते, वाढत होते. त्यांचं ते अर्धं वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. 'महाडला कधी येताय' हेही मी विचारेनाशी झाले. शहाणपण सुचलं म्हणून नाही. रुसले होते आणि मला लाज वाटत होती, म्हणून. आबांच्या ते लक्षात आलं की नाही माहीत नाही. एक-दोनदा भाकरी मोडताना ते माझ्याकडे बघून थांबले, जणू प्रश्नाची वेळ झाली आणि तो आला नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा खळं. या वेळी मी एकच गोष्ट मागायची आणि ती मिळाली की दोरी सोडून बाहेर निघून यायचं. कधी कधी चार मिनिटांत काम संपायचं. दिवसभर करायचं काय हा प्रश्न पडायचा. मग मी आणि आबा पडवीत बसायचो, काही न बोलता. आई गेल्यापासून आम्ही असे बसलो नव्हतो. घोडी कुंपणापाशी येऊन आमच्याकडे बघत उभी राहायची.

तीन आठवड्यांत तिने पोटाखाली हात फिरवून घेतला. घोंगडी घेतली, पट्टा घेतला, पाठीवर वाळूचं पोतं घेतलं. आधी मी बसले, कंबरेला पट्टा बांधून आणि देवाचं नाव घेऊन. मग आबा बसले. गडग्यावरून पाय टाकून ते पाठीवर आले आणि घोडीने नुसता एक कान मागे वळवला. आबांनी वाडीला दोन फेऱ्या मारल्या. दादा म्हणाला, "आता काय, घोडामैदान जवळच हाय." आबा आता कायमचे इथेच, एवढंच मला दिसत होतं. आणि तरी त्या घोडीला मी असा गूळ भरवत होते, जणू तिने माझी लाज राखली होती.

शिमग्याला चार दिवस होते. आबा सकाळी म्हणाले, "आज जाऊ." त्यांनी अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली. मी जखम बांधून वर नवा मोजा चढवला. माझ्या नवऱ्याला फोन करून रिक्षा घेऊन खाली रस्त्यावर बोलावलं. दवाखान्यात दाखवून दुपारी परत वर, असं माझ्या डोक्यात होतं. आबा गडग्यावर बसले. मी दोरी जराही न ओढता घोडी तिरकी होत गडग्याला येऊन लागली आणि स्थिर उभी राहिली.

मी दोरी धरून पुढे, दादा मागे, खांद्याला आबांची पिशवी. वाट अर्ध्यात एका जागी पावसाने खाल्ली आहे, जेमतेम दोन माणसांची रुंदी उरलीय. तिथे घोडी थांबली. मान खाली घालून तिने वाट हुंगली. पूर्वीची मी असते तर दोरी ताणली असती. मी हात सैल सोडला आणि उभी राहिले. आबा इकडे तिकडे बघत होते. समोरचा कडा, खाली नदीची रेघ, आंब्याचा मोहोर, कुणाचं तरी पडकं घर. आम्ही तिथे किती थांबलो कुणास ठाऊक. मग ती स्वतःच पुढे झाली, एक एक पाय जपून ठेवत.

रस्त्याच्या कठड्यावर आबा उतरले. घोडीच्या मानेवर थाप मारली. दादाकडून पिशवी घेतली आणि जावयाला म्हणाले, "चला, महाडला."

"दवाखाना इथेच पोलादपुरात आहे, आबा," मी म्हटलं. "दाखवून परत जायचंय ना वर?"

"परत कशाला?"

मी पिशवीत बघितलं. दोन सदरे, पंचा, आईचा फोटो, तांब्या.

"म्हणजे तुम्ही राहायला येताय? मग ही घोडी कशासाठी? चार महिने मी..."

आबा कठड्यावर नीट बसले. "ह्या वाटेने मी किती जनांना झोळीतून उतरवला, तुला ठाव नाय. खांदा माझाच असायचा. तुझ्या आयेला पन मीच उतरवली. झोळीत गेला की मानसाला नुसता आभाळ दिसतो. घर मागं गेला, आंबा गेला, ओढा गेला, काय दिसत नाय. ती सारखी विचारत व्हती, कुठवर आलो, कुठवर आलो. परत आली नाय ती. मला तसा नव्हता उतरायचा. मला बसून, सगळा बघत उतरायचा व्हता."

आईला उतरवलं त्या दिवशी मी ड्युटीवर होते. मला थेट दवाखान्यातच बोलावलं होतं.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. आवाज चढला होता, पण घोडी हलली नाही. "आठ महिने मी रोज विचारत होते!"

"तू रोज कधी येताय ते विचारायचीस," आबा म्हणाले. "कसं येताय ते नाय विचारलंस एकदा पन."

ते रिक्षात बसले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी घोडीकडे बघितलं. तिला वर न्यायला हवं होतं आणि दादाच्या हाताला ती अजून येत नव्हती. रिक्षा वळणावरून गेली आणि मी दोरी घेऊन उलट्या दिशेला चढायला लागले. दादा पुढे गेला होता. अर्ध्या वाटेवर, त्या खचलेल्या जागी, मी बसून मनसोक्त रडले आणि घोडी शेजारी उभी राहून कारवीचा पाला ओढत राहिली. आनंद होता, राग होता, आईचं होतं. कुठलं किती, ते मला वेगळं करता आलं नाही.

तेव्हापासून आबा माझ्या घरात आहेत आणि मी त्यांच्या. दिवसाआड खाली-वर करते. चाचा म्हणतात घोडी परत घेतो, वरातीला नाही, नुसती ठेवतो. मी अजून काही ठरवलेलं नाही. आबांचा पाय भरत आलाय. पहिल्याच संध्याकाळी त्यांचा माझ्या नवऱ्याच्या मोबाइलवरून फोन आला. टीव्हीचा आवाज मोठा होता. जेवण झालं म्हणाले, मऊ भात केला होता जावयाने. मग त्यांनी विचारलं, "मग तू कधी येतेस गो?"

अंगणात कुणी नव्हतं. घोडी आपणहून गडग्यापाशी गेली होती आणि त्याला लागून, तिरकी होऊन, स्थिर उभी होती.

"बघू," मी म्हटलं.